आधी पैसे, मग थालीपीठ, मग एसी

बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंतच्या पट्ट्यात एसी दुरुस्त करणारा असा एकही माणूस उरलेला नाही, ज्याने माझ्या वहिनीच्या हातचं थालीपीठ खाल्लेलं नाही आणि खाऊन झाल्यावर खरं बोललेला नाही. हे मी कौतुकाने लिहीत नाही. जळून लिहिते आहे, आणि जळण्याचा मला पूर्ण हक्क आहे. ग्राहकांच्या हक्कांची चळवळ मी करते. उन्हातान्हात पत्रकं मी वाटते. आमच्या बाबांनी मला शाळेचं दप्तर आणि पत्रकांचा गठ्ठा एकाच वयात उचलायला शिकवलं. विहारातल्या सभेला लोक चपला काढायच्या आत त्यांच्या हातात कागद गेला पाहिजे, हे माझ्यावरचे संस्कार. ‘एसी दुरुस्तीतली लूट थांबवा!’ हे गुलाबी पत्रक मी स्वतः लिहिलं, छापून घेतलं, आणि बेलवलीपासून हेंद्रेपाड्यापर्यंत जिने चढून दारोदार दिलं. घरी येण्याचे पैसे किती ते फोनवरच विचारा, दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या, मजुरी वेगळी आणि पार्टची किंमत वेगळी मागा, कॉम्प्रेसरची वॉरंटी बाकी आहे का ते बिल काढून बघा, काम पुरं झाल्याशिवाय पैसे देऊ नका, बदललेला पार्ट स्वतःकडे ठेवून घ्या. सगळं मुद्देसूद. लोकांनी काय करावं? समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी पत्रक घेतलं, चष्मा न लावता पाहिलं आणि म्हणाल्या, “छान लिहिलंयस गं. वहिनी आहे का घरात? आमचा एसी पाणी गाळतोय.”

वहिनी त्या घरी गेली. एसीच्या पाण्याचा पाइप जिथे खिडकीबाहेर निघतो तिथे तोंड लावून एक दणदणीत फुंकर मारली, आतून शेवाळाचा गोळा बाहेर पडला, पाणी गळायचं थांबलं. काकूंनी तिला आंब्याचं लोणचं दिलं. मला कोणी कधी लोणचं दिलेलं नाही.

आता ही बाई एसीची कोणी इंजिनीअर आहे का? अजिबात नाही. ती उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्याच्या ऑफिसात बसते आणि दिवसभर कापडवाल्यांशी, बटणवाल्यांशी, टेम्पोवाल्यांशी भांडते. भांडते म्हणजे, समोरच्याला वाटतं आपले लाड चाललेत. सिंधी शेठ लोकांमध्ये राहून तिची भाषा अशी झाली आहे की मेकॅनिकला ती ‘अदा’ म्हणते, म्हणजे भाऊ, आणि पार्टच्या दुकानातल्या शेठना ‘साईं’. त्या दुकानात मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. शेठने काउंटरवर कपॅसिटर ठेवला, पंख्याला आणि कॉम्प्रेसरला धक्का देऊन चालू करणारा तो नळकांड्यासारखा पार्ट. वहिनीने तो हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि गोड हसून म्हणाली, “साईं, असली दिखाओ ना. नकली तो मैं घर पे बना लूँगी.” शेठ खो खो हसले, आतून दुसरा डबा काढला, वर चहा मागवला. त्याच दुकानात मी आदल्या महिन्यात पक्कं बिल मागितलं होतं, तेव्हा याच शेठनी मला दुपारचं जेवण होईपर्यंत उभं ठेवलं होतं. याला समता म्हणायचं का, हे वाचकांनीच ठरवावं.

वहिनीच्या सवयी एकेक सांगते. सगळ्यात संतापजनक सवय ही की ती घरी येण्याचे पैसे दारातच देऊन टाकते. मेकॅनिकचा एक पाय उंबऱ्याबाहेर असतो, बॅग खांद्यावर असते, आणि ही त्याच्या हातात नोटा ठेवते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किंचाळलेच. “वहिनी! काम न करता पैसे? माझ्या पत्रकाचा पाचवा मुद्दा!” तर ती म्हणते, “अगं, हा भर उन्हात अंबरनाथहून बाइक मारत आलाय. त्याला भीती असते की काही बिघाड सापडला नाही तर पेट्रोलही सुटायचं नाही. म्हणून तो बिघाड शोधतो, आणि नसला तर बनवतो. आता सुटले पैसे त्याचे. आता तो खरं बोलेल.” मग त्याला म्हणाली, “अदा, हात धुवा. आधी खाऊन घ्या.” आणि थालीपीठ. लोण्याचा गोळा, वर लसणीची चटणी. तिचं म्हणणं असं की उपाशी माणूस पहिलं सुचेल ते बोलून मोकळा होतो, आणि एसीवाल्याला पहिलं गॅसच सुचतो. पोट भरलं की तो आधी जाळी बघतो, मग पंखा बघतो, मग कपॅसिटर, आणि गॅस शेवटी. मी पाहत होते की थालीपिठाखाली ताटली नव्हती. माझं पत्रक होतं. ‘लूट थांबवा’वर तेलाचा डाग पसरत गेला. माझ्या लिखाणाचा सगळ्यात जास्त प्रसार त्या थालीपिठांखाली झाला आहे, आणि त्याचा मी इथे जाहीर निषेध करते.

दुसरी सवय प्रश्नांची. तिचा पहिला प्रश्न कायम एकच, “जाळी धुतली का?” हा प्रश्न ती ज्या आवाजात विचारते त्या आवाजात आया पोरांना दात घासले का म्हणून विचारतात. अर्धी बदलापूरची जनता तिथेच गप्प होते. आतली जाळी काढून नळाखाली धरली, वाळवून परत लावली, की निम्मे एसी आपोआप गार होतात आणि मेकॅनिकला फोनच जात नाही. दुसरा प्रश्न गॅसवाल्यांसाठी राखून ठेवलेला. मेकॅनिक म्हणाला, “भाभी, गॅस कम है, भरना पड़ेगा,” की ही डोळे मोठे करून अगदी भाबडेपणाने विचारते, “कम है? गया कहाँ?” बस. त्यावर भल्याभल्यांची जीभ अडखळते. कारण एसीतला गॅस म्हणजे सिलिंडरमधला नाही, जळून संपायला. तो बंद नळ्यांत गोल गोल फिरत असतो, वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला, आणि गळती न बुजवता भरला तर पुन्हा गळणार. मग वहिनी साबणाचा फेस करते आणि नळीच्या प्रत्येक जोडावर लावते. जिथे बुडबुडा फुगला तिथे गळती. फेस लावायला ती दादाचा दाढीचा ब्रश वापरते. दादा त्याच ब्रशने दुसऱ्या दिवशी दाढी करतो. “अहो, साबणच तर आहे,” ती म्हणते, आणि दादा, ज्याने लहानपणी माझा रुमाल चुकून वापरला म्हणून तीनदा तोंड धुतलं होतं, तो निमूट दाढी करतो.

तिसरी सवय म्हणजे जुने पार्ट. बदललेला पार्ट मेकॅनिकच्या बॅगेत जाऊ द्यायचा नाही, ही गोष्ट माझ्याही पत्रकात आहे. पण तो टाकून द्यायचा, की शोकेसमध्ये मांडायचा? आमच्या शोकेसमध्ये दादाची कॅरमची ढाल आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना फुगलेले कपॅसिटर उभे आहेत. पाहुणे आले की वहिनी लग्नाचा अल्बम दाखवावा तसे दाखवते. “हा खालच्या मजल्यावरच्यांचा. अख्खी पीसीबी बदला म्हणाला होता. गेला होता फक्त हा.” मग पीसीबी म्हणजे एसीचं डोकं चालवणारा सर्किट बोर्ड, तो बदलण्याआधी दुरुस्त करणारे लोक उल्हासनगरात बसतात, नवीन घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्तात पडतं, एसी दहा-बारा वर्षांचा झाला असेल आणि दुरुस्ती नव्याच्या निम्म्यावर जात असेल तर मात्र हात जोडा आणि निरोप द्या, असं सगळं प्रवचन. पाहुणे माना डोलावतात. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी मला भेटायला येतात आणि तिच्याशी बोलून जातात. लोक फोनवर कॅमेरा लावून तिला एसी दाखवतात. “खाली घे, खाली घे. मला पाइप दाखव, तुझं नाक नको.” लग्नाला गेली की नवरीच्या आधी ही हॉलच्या मागे जाऊन एसीचे बाहेरचे डबे बघते. “जाळी काळी पडलीय. संध्याकाळी कारखान्यांचा वास येतो ना इथे, तो आधी तांबं खातो, मग आपल्याला.” या वाक्यावर मी एक अख्खं आंदोलन उभं करू शकले असते. ती हे बोलून आइस्क्रीम घ्यायला गेली.

आता मुद्द्यावर येते. गेल्या उन्हाळ्यात दादाने सोनिवलीला नवीन फ्लॅट घेतला. बेलवलीचं हे घर बाबांनी मागे ठेवलेलं, लहान, दोन खोल्यांचं. दादा-वहिनी तिकडे जाणार हे ठरलं होतं. ठरलं नव्हतं ते आईचं. ती माझ्याजवळ इथे राहणार की त्यांच्याबरोबर जाणार? आईला दम्याचा त्रास आहे. उकाडा वाढला की छाती भरते, आणि संध्याकाळी तो कारखान्यांचा वास सुटला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, खोली बंद आणि गार पाहिजे. त्यामुळे आमच्याकडे एसी म्हणजे चैन नाही, आईचं औषध आहे. आईला विचारलं तर ती नुसतं “बघू” म्हणायची. दादाने मात्र जेवताना सांगून टाकलं, “आई आमच्याकडेच येईल. प्रज्ञा घरी असते कधी? आणि एसी बंद पडला तर? ही मोर्चा काढेल.”

वहिनी हसली नाही. तेही मला लागलं. हसली असती तर निदान भांडता आलं असतं.

आणि नेमका मे महिन्यात, दादा-वहिनी लाद्या आणि कपाटांच्या कामासाठी सोनिवलीला मुक्कामाला गेले असताना, आईच्या खोलीतला एसी गरम हवा फेकायला लागला. आई म्हणाली, “तिला फोन कर.” तिला म्हणजे कोणाला हे वेगळं सांगायला नको. मी म्हटलं, “आई, मी या विषयावर पत्रक लिहिलंय.” जाळी धुतली. फरक पडला नाही. मग मेकॅनिकला बोलावलं. तो दारात आला तेव्हा मी त्याला पैसे दिले नाहीत, थालीपीठ दिलं नाही, पत्रक दिलं. त्याने एसी उघडला, मीटर लावला आणि म्हणाला, “मॅडम, गॅस लो है. साढ़े तीन हज़ार.”

मी पेटले. पंधरा मिनिटं मी त्याला बाजारभाव, ग्राहकाचे अधिकार, पारदर्शकता आणि शोषण यांवर ऐकवलं. तो साडेतीनवरून अडीचवर आला. आयुष्यात इतकं जिंकल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. मी कागद काढला आणि लिहिलं: ‘फक्त गॅस भरणे, रुपये अडीच हजार. याशिवाय कोणतेही काम नाही, कोणतेही जादा पैसे नाहीत.’ त्याची सही घेतली. तो खिडकीत वाकला आणि मागे वळून म्हणाला, “मॅडम, एक बार बाहर का जॉइंट देख लूँ?”

“जॉइंट कागदावर आहे का?”

“नहीं.”

“मग नाही. मी ओळखते हे. आधी जॉइंट, मग कॉइल, मग नवीन एसी!”

“जैसा आप बोलो,” तो म्हणाला, आणि कागदावर होतं तेवढंच इमानदारीने करून गेला. खोली गार झाली. मी त्या सही केलेल्या कागदाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘संघटित ग्राहकाला कोणी फसवू शकत नाही.’ चार अंगठे आले. त्यातला एक वहिनीचा होता.

आठवडाही गेला नाही, एसी पुन्हा गरम. भाव बरोबर होता, काम चुकीचं होतं, हे मला तेव्हा कळलं, पण ते कोणाला कळू देणार नव्हते. मेकॅनिकला फोन लावला तर तो दुसऱ्या गावी. मी टेबलफॅन आणला, पडदे ओले करून लावले, बर्फाचं भांडं फॅनसमोर ठेवलं. आई पलंगावर बसून पदराने गळा पुसत होती. “थांब, उद्या होईल,” मी रोज म्हणायचे, आणि ती रोज मान हलवायची. एका रात्री वहिनीचा फोन आला. मी दारात उभी राहून ऐकत होते.

“हो गं,” आई म्हणाली. “मस्त गार आहे. प्रज्ञाने केलं ना नीट.”

पलीकडून काहीतरी विचारलं.

“शाल? नाही, शाल कशाला...” आई बोलून गेली आणि थबकली. एसी चालू असला की आमची आई, मे महिना असो की ऑक्टोबरचा उकाडा, खांद्यावर शाल घेतल्याशिवाय बसत नाही. वहिनीच तिला रोज ती काढून देते. आईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. फोनवर वहिनी “बरं, झोपा” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती दारात. हातात साबणाची वडी आणि दादाचा दाढीचा ब्रश, मागे तोच मेकॅनिक, परगावाहून आलेला, ओशाळलेला. मला एक शब्द बोलली नाही. त्याच्या हातात पैसे ठेवले, भाजणी मळली, थालीपीठ लावलं. तो खाता खाता म्हणाला, “भाभी, मैं तो उस दिन बोल रहा था, लेकिन मॅडम...” मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने चटणी मागितली. मग दोघं खिडकीत वाकले. बाहेरच्या जोडावर दादाचा ब्रश फिरला, आणि फेसातून एक बुडबुडा सावकाश, अगदी मला दिसावा म्हणूनच, फुगला आणि फुटला. नट नीट बसलाच नव्हता. तांब्याच्या नळीचं टोक कापून पुन्हा घडवलं, नट आवळला, पुन्हा फेस लावून पाहिला, मग गॅस. आता तो पुन्हा साडेतीन म्हणणार, तर वहिनी माझ्याकडे वळली. “कागद आण तुझा.” मी आणला. तिने तो त्याच्यासमोर धरला. “हे बघा अदा, आमच्या ताईने भाव लेखी ठरवलाय. त्याच भावात.” तो मुकाट भरून गेला. जिन्यात भेटलेल्या काकूंना ती सांगत होती, “प्रज्ञाने काय भाव पाडलाय बघा, मला नाही जमत बाई.” मला तिचा इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उरलेली दोन थालीपिठं उभ्या उभ्या खाल्ली.

संध्याकाळी दादा आला. आई शाल घेऊन बसली होती. दादाने सुरू केलं, “मग आता ठरवू. झालं ते बघितलंच सगळ्यांनी. आईचं सामान...”

“आई इथेच राहणार,” वहिनी म्हणाली.

दादा तिच्याकडे बघतच राहिला. मीसुद्धा. आई शालीची किनार बोटाने सरळ करत होती.

“अहो, त्या इतके दिवस उकाड्यात बसल्या. छाती भरलेली. पण मला सांगितलं नाही. का? हिची बाजू पडू नये म्हणून. त्यांना तिकडे नेलं तर काय करतील? गार खोलीत बसून हिलाच फोन करतील, जेवलीस का म्हणून.” मग ती हसली, पण नेहमीसारखी नाही. “माझ्यासाठी बसल्यात का हो आई कधी अशा? मी तर बसूच दिलं नाही. लगेच दुरुस्त.”

आईने तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. बराच वेळ सोडला नाही. मी जिंकले होते. आई माझी होती, घरात राहणार होती, हे सगळ्यांसमोर ठरलं होतं, आणि ते ठरवलं होतं तिने. म्हणजे जिंकणंसुद्धा तिच्याच हातून घ्यावं लागलं. याहून मोठा अन्याय मी पत्रकात कधी छापलेला नाही.

ते गेले त्या दिवशी टेम्पो भरला. तिने शोकेसमधले कपॅसिटर वर्तमानपत्रात गुंडाळून नेले. दादाची ढाल राहिली. आई गॅलरीतून टेम्पो वळेपर्यंत बघत होती. मी म्हटलं, “दोन स्टॉपवर तर चाललेत,” आणि आत जाऊन शोकेसमधली रिकामी जागा पुसली.

आता सोनिवलीत नव्या नव्या बिल्डिंगा उठताहेत, प्रत्येक खिडकीबाहेर एसीचा डबा, आणि तिकडच्या नव्या माणसांनी आतापासूनच तिला धरलंय म्हणतात. तिथे एक बाई आहे, तिची म्हणे आता जिवलग मैत्रीण. मी त्या बाईला पाहिलेलं नाही, पण ती मला आवडत नाही. इथे मेकॅनिक आला की मी दारातच पैसे देते. थालीपीठ मला जमत नाही, फाटतं, पोहे देते. माणसं पोह्यांवरही बऱ्यापैकी खरं बोलतात. नवीन पत्रक काढलं, त्यात तिच्या सगळ्या गोष्टी घातल्या, पैसे, जाळी, ‘गया कहाँ’, साबण. तिला फोटो पाठवला. उत्तरादाखल एक अंगठा आला.

आईला मात्र रोज फोन. कामावरून आली की, न चुकता. पाऊण पाऊण तास. काय बोलतात देव जाणे, मध्येच आई खुदकन हसते. मी भांडी घासता घासता हात पुसते आणि दारात येऊन उभी राहते. आईच्या लक्षात येतं. “प्रज्ञाला देऊ का गं?” ती फोनमध्ये विचारते, आणि माझ्याकडे बघते.

मी हातानेच नको म्हणते. कामात आहे म्हणून सांग. आणि दारात तशीच उभी राहते.